पॅकेजमधला सूर्य

मराठी माणसाची सुट्टी शाळा ठरवते आणि कन्याकुमारीचे देखावे सूर्य ठरवतो. या दोघांनी आजवर एकदाही बसून बोलून घेतलेलं नाही.

दिवाळीचंच घ्या. आपल्या हिशेबी दिवाळीला पाऊस संपलेला असतो. गणपतीत तो मांडव भिजवतो, नवरात्रात गरब्याचा विचका करतो, कोजागिरीला दुधात चार थेंब टाकून जातो आणि मग आपण छत्र्या माळ्यावर फेकतो. पाऊस परतल्याची बातमी पेपरात येते. परतला म्हणजे नेमका कुठे गेला, ही चौकशी कोणी करत नाही. इकडे वारे दिशा बदलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून, तमिळनाडूत पाऊस आणतात. तिथला मुख्य पावसाळा हाच. कन्याकुमारी जिल्ह्याची तर आणखी चैन आहे, त्याला जूनमधलाही पाऊस मिळतो आणि हाही. थोडक्यात, ज्याला आपण घरून निरोप दिला तो आपल्याआधी जाऊन देशाच्या टोकावर उभा असतो. उभा तरी कुठे, तर बरोबर पूर्वेला.

मग मे महिन्यात जावं म्हणाल, तर तिथेही मेख आहे. एकाच जागेवरून सूर्य समुद्रातून वर येताना आणि समुद्रातच बुडताना दिसतो, ही कन्याकुमारीची ख्याती खोटी नाही, पण तिला अटी लागू आहेत. संध्याकाळी तो समुद्रात बुडतो ते थंडीच्या महिन्यांत, दक्षिणेकडे कललेला असताना. मेमध्ये तो उत्तरेकडे सरकून जमिनीमागे मावळतो, म्हणजे आपल्या कल्याण-बदलापुरात मावळतो तसाच. चैत्री पौर्णिमेला एकीकडे सूर्य मावळताना आणि दुसरीकडे चंद्र उगवताना पाहायला लोक जमतात. तेव्हा आपल्या घरी वार्षिक परीक्षा. गांधी स्मारकात, अस्थिकलश जिथे ठेवला होता त्या जागेवर छतातून सूर्याचा किरण पडतो तो २ ऑक्टोबरला, भर दुपारी. सुट्टी असते, पण एका दिवसाची, आणि एका दिवसात कर्जत होतं, कन्याकुमारी होत नाही. देवीच्या देवळाचा पूर्वेकडचा दरवाजाही वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो. त्यामुळे तुम्ही कधीही गेलात, तरी रिक्षावाल्यापासून शंख विकणाऱ्या पोरापर्यंत प्रत्येक जण तुमच्याकडे करुणेने बघतो आणि सांगतो, ‘जनवरी में आना था.’

आमचा गट दिवाळीत गेला होता. गटात सगळा महाराष्ट्र होता. डोंबिवलीच्या एक काकू होत्या, ज्या कोणत्याही देवळात शिरण्याआधी तिथली साडीची दुकानं विचारून घेत. अकोल्याचे एक काका होते, ज्यांना प्रत्येक गोष्ट पॅकेजमध्ये आहे की नाही हे आधी जाणून घ्यायचं असे. निवृत्त भूगोल शिक्षक होते, त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. आणि पंचविशीतला टूर मॅनेजर, ज्याच्या गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर आल्यापासूनच क्षमायाचना होती. पहिल्या संध्याकाळचा सूर्यास्त ढगात गेला, तेव्हा तो म्हणाला, “काही हरकत नाही, उद्या सकाळी सूर्योदय आहेच.” ‘आहेच’ हा शब्द त्याने वापरायला नको होता. अकोल्याच्या काकांनी तो मनात नोंदवून ठेवला.

पहाटे पाचला लॉजच्या पोऱ्याने प्रत्येक दारावर थाप मारत ‘सनराइज, सनराइज’ असा गजर केला. कन्याकुमारीच्या लॉजमध्ये ही सोय असतेच. गिऱ्हाईक झोपून राहिलं आणि सूर्य वर आला, तर बोल लॉजला लागतो. साडेपाचला गच्ची भरली. बाहेर चांगला उकाडा होता, तरी काकांनी कानटोपी चढवली होती, कारण पहाटे उठणं आणि कानटोपी यांचं नातं हवामानावर अवलंबून नसतं. पन्नासेक मोबाइल काळोखाकडे रोखलेले. पूर्व कोणती, यावर तीन मतं होती. सरांनी बोट दाखवलं, पण तिकडे पाण्याची टाकी होती, म्हणून बहुमताने पूर्व थोडी उजवीकडे सरकवण्यात आली.

“आला, आला!” अशी पहिली आरोळी नाशिकच्या एका वहिनींनी दिली. क्षितिजावर खरोखरच एक तांबूस ठिपका होता. सगळ्यांनी फोटो काढले. ठिपका हळूहळू डावीकडे सरकू लागला, तेव्हा तो मासेमारीची बोट असल्याचं ध्यानात आलं. सव्वासहा झाले. लॉजच्या काउंटरवर खडूने लिहिलेली वेळ तीच होती. आकाशाचा रंग काळ्याचा करडा झाला, करड्याचा जरा फिकट करडा झाला आणि तिथेच थांबला. साडेसहाला मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, “झाला बरं का.”

“काय झालं?”

“सूर्योदय.”

“कुठे?”

“ढगामागे. म्हणजे, झालाच असणार ना, उजाडलंय.”

त्याच्या युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच लोक जास्त चिडले. त्यात डोंबिवलीच्या काकूंचा फोन वाजला. घरी राहिलेल्या बहिणीने स्वतःच्या गच्चीवरून फोटो पाठवला होता: समोरच्या इमारतीच्या टाक्यांमधून वर आलेला, तांबडाभडक, वाटोळा, अगदी कॅलेंडरावरचा सूर्य. खाली लिहिलं होतं, ‘तिकडचा कसा होता गं?’ काकूंनी उत्तर म्हणून नाश्त्याच्या उपम्याचा फोटो पाठवला.

उपमा, इडली, पोंगल या मार्गाने जाणारा मराठी माणूस चौथ्या सकाळी पोह्यांसाठी हळवा होतो, हा एक वेगळाच विषय आहे. इथे तो सोडून देतो.

नाश्त्यानंतर देवळात गेलो. कन्याकुमारीच्या देवळात पुरुषांनी कमरेच्या वर काही घालायचं नाही, असा नियम आहे. आपल्याकडचा सद्गृहस्थ लग्नानंतर समाजापुढे उघड्या अंगाने सहसा जात नाही. एकदम दोन डझन सद्गृहस्थ सदरे काखेत मारून, पोटं आत ओढून, एकमेकांच्या नजरा चुकवत रांगेत उभे राहिलेले पाहून बायकांना सूर्योदयाचं दुःख बरंचसं विसरता आलं. देवीची नथ मात्र सगळ्यांनी डोळे भरून पाहिली. नथीतल्या खड्याचं तेज इतकं की समुद्रातली जहाजं त्याला दीपगृह समजून खडकावर येऊन आपटत, आणि म्हणून पूर्वेचा दरवाजा बंद ठेवतात, अशी आख्यायिका आहे. “बाई गं, केवढ्याची असेल!” यापलीकडे आमच्या गटाने तिची चिकित्सा केली नाही.

दुसरी आख्यायिका मात्र तिथल्या तिथे वादाला कारण झाली. देवीचं लग्न शंकराशी ठरलं होतं. नवरदेव दहा-बारा किलोमीटरवरच्या शुचींद्रमहून निघाले. मुहूर्त रात्रीचा, उजाडायच्या आतला. पण बाणासुराचा वध कुमारिकेच्याच हातून व्हायचा होता, तेव्हा हे लग्न मोडणं देवांना भाग होतं. नारदाने भर रात्री कोंबडा आरवल्याचा आवाज काढला. नवरदेवांना वाटलं, उजाडलं, मुहूर्त टळला. आणि ते वाटेतूनच मागे फिरले. देवी नटूनथटून बसून राहिली. लग्नासाठी आणलेले तांदूळ, डाळी शिजल्याच नाहीत. त्यांचीच पुढे किनाऱ्यावरची रंगीत वाळू झाली, असं सांगतात.

काकूंना हे काही पटेना. “मुहूर्त टळला म्हणून परत? आमच्या जाऊबाईंच्या लग्नात वरात घोडबंदरला अडकली होती तीन तास. लागलं ना लग्न!” अकोल्याच्या काकांचं म्हणणं, मुलाकडच्यांनी खात्री करून घ्यायला हवी होती, नुसत्या कोंबड्यावर कोण विश्वास ठेवतो? कोणी म्हणालं, निदान आलेल्या माणसांना जेवायला तरी घालायचं. मला मात्र ही कथा ऐकून त्या गावाविषयी फार आपुलकी वाटली. जिथला मूळ कार्यक्रमच खोट्या पहाटेने बारगळला, त्या गावाकडे आपण खात्रीचा सूर्योदय मागत होतो. त्या हिशेबाने आमच्या नशिबी आलेली पहाट खरी तरी होती.

त्या शिजायच्या राहिलेल्या धान्याची छोटी पाकिटं किनाऱ्यावर मिळतात. काळी, लाल, पिवळी, पांढरी वाळू वेगवेगळ्या कप्प्यांत भरलेली. काकूंनी देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून सहा घेतली. सर म्हणाले, लाल वाळू गार्नेटची, काळी इल्मेनाइटची. जवळच मणवाळकुरिची इथे हे खनिज काढायचा कारखाना आहे. आणि या पट्ट्यातल्या वाळूत मोनाझाइटही असतं, त्यात थोरियम असतं, ते थोडंफार किरणोत्सारी. “म्हणजे?” काकूंनी विचारलं. “म्हणजे तशी भीती नाही,” सर म्हणाले. ‘तशी’ या शब्दामुळे काकूंनी पाकिटं लगेच यजमानांच्या बॅगेत हलवली.

सरांमुळेच पुढचा अनर्थ झाला. तीन समुद्रांच्या संगमावर सगळे गुडघाभर पाण्यात उभे होते. डावीकडे बंगालचा उपसागर, उजवीकडे अरबी समुद्र, समोर हिंदी महासागर. तिथला फोटोवाला पाण्याचे तीन वेगळे रंग दाखवत होता आणि रंग दिसत नाहीत असं कबूल करायची कोणाची छाती नव्हती. पुण्याच्या एका जोडप्याने तीन वेगळ्या बाटल्यांत तीन समुद्र भरून झाकणांवर पट्ट्याही चिकटवल्या होत्या. तेव्हा सरांनी, कोणी विचारलेलं नसताना, सांगितलं की दर्यावर्दींच्या नकाशांवरच्या सीमा पाहिल्या तर हा सगळा भाग लक्षद्वीप समुद्रात मोडतो.

“आणि बंगालचा उपसागर?”

“तो श्रीलंकेच्या पलीकडे.”

“आणि हिंदी महासागर?”

“तो पुष्कळ खाली.”

पुण्याच्या जोडप्याने बाटल्यांकडे बघितलं. मग यजमान म्हणाले, “तरी आपण पट्ट्या राहू देऊ.” हा निर्णय मला योग्य वाटला. पण सर आता थांबायला तयार नव्हते. हे भारताच्या मुख्य भूमीचं टोक खरं, पण देशाचं टोक नव्हे. देशाचं टोक ग्रेट निकोबार बेटावर, इंदिरा पॉइंट. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात तेही काही मीटर खाली बसलं. अकोल्याचे काका गंभीर झाले. “ते आपल्या पॅकेजमध्ये आहे का?” त्यांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने शिट्टी तोंडात धरली आणि ती न वाजवताच काढून घेतली.

टोकावर येऊन माणसाने करायचं काय, हा खरा प्रश्न असतो. श्रीनगरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या नागपुरातून जात जात इथे येऊन संपतो. ३,७०० किलोमीटरहून जास्त रस्ता संपला, की पुढे काय, तर चहाची टपरी आणि शिंपल्यांच्या माळा. डोंगरावर गेलं तर निदान उतरायचं काम शिल्लक असतं. इथे समोर नुसतं पाणी. त्याच्याकडे पाच मिनिटं बघून झालं की मराठी माणूस घड्याळाकडे बघतो आणि विचारतो, “आता?”

आता म्हणजे विवेकानंद शिला. पण बोटी बंद होत्या. वाऱ्याने समुद्र खवळला होता. रांग मात्र चालू होती. आपल्याकडे रांग हीच एक आशा असते. ती आहे तोवर पुढे काहीतरी आहे असं माणूस धरून चालतो. कर्ण्यावरून तमिळमध्ये घोषणा होत आणि आम्हाला त्यातला ‘बोट’ एवढाच शब्द कळे. प्रत्येक घोषणेनंतर रांगेत मराठी भाष्यकार तयार होत. “अर्ध्या तासात सुटणार म्हणतोय.” “नाही हो, उद्या म्हणतोय.” “मागच्यांनी जा म्हणतोय.” मागचे जागचे हलले नाहीत. चणे विकणारा एक म्हातारा मात्र रांगेच्या अगदी शेपटाशी बसून होता, आणि त्याच्याकडे बघून जाणत्या माणसाने अंदाज बांधायला हवा होता की हे प्रकरण लांबणार आहे.

त्या खडकाकडे बघत बसताना सरांनी एकनाथ रानड्यांची हकिगत सांगितली, आणि या वेळी कोणी त्यांना थांबवलं नाही. रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. तिथल्या विवेकानंद स्मारकाला परवानगी मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी दिल्लीत जाऊन तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या गोळा केल्या. त्यात सगळ्या पक्षांचे खासदार होते. मग देशभरातल्या साध्या माणसांकडून रुपया रुपया जमवला आणि १९७० मध्ये स्मारक उभं राहिलं. अकोल्याच्या काकांची छाती फुगली. “आमच्या वऱ्हाडचा माणूस!” ते म्हणाले आणि लगेच सगळ्यांचा चहा सांगू लागले. पण चहा साखरेचा की बिनसाखरेचा, दुधाचा की कोरा, आणि तिथे कॉफी चांगली मिळते तर कॉफीच का नको, यावर आमच्या गटाचं एकमत होईपर्यंत टपरीवाल्याचं दूध संपलं.

स्वतः विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात पोहत त्या खडकावर गेले. नावाड्याला द्यायला पैसे नव्हते असं सांगतात. “तेव्हा रांग नसेल,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही सूर्य आला नाही. गच्चीवर जेमतेम दहा माणसं होती आणि त्यातली चार दात घासत होती. पण वारा पडला आणि बोटी सुटल्या. लाटांवरून जाणाऱ्या त्या बोटीत नारिंगी जॅकेटं घालून आम्ही एकमेकांना चिकटून बसलो. वास्तविक पाच-दहा मिनिटांचा प्रवास, पण नाशिकच्या वहिनींनी तेवढ्यात अथर्वशीर्ष संपवलं. शिलेवरून शेजारच्या तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याकडे जायला डिसेंबर २०२४ पासून काचेचा पूल झाला आहे, ७७ मीटर लांब. पायाखालून समुद्र दिसावा म्हणून मुद्दाम काच बसवलेली आहे. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी तो पूल आकाशाकडे बघत, कठडा धरून, शेजाऱ्याला बोलायला बंदी करून पार केला. तिरुवळ्ळुवरांचा पुतळा चौथऱ्यासकट १३३ फूट आहे, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाची प्रकरणं १३३. ही मात्र कन्याकुमारीतली अशी गोष्ट, जी कोणत्याही तारखेला जा, तेवढीच भरते. सर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. चूक काढायला काही सापडलं नसावं.

आणि मग ध्यानमंडप. स्मारकाच्या पोटात एक अंधारी खोली आहे. समोर उजळलेला ओम, खाली बसायला जागा, आणि बोलायची बंदी. आमच्या गटाला गप्प बसवणं हे सहलीत कोणालाच जमलं नव्हतं, ते त्या खोलीने केलं. दोन पहाटांचं जागरण, दोन दिवसांच्या रांगा आणि सकाळचं पोंगल, सगळं एकदम अंगावर आलं. पहिला घोरण्याचा आवाज काकांचा होता. मग डावीकडून एक, मागून एक. मॅनेजर भिंतीला टेकून, शिट्टी मुठीत धरून गाढ झोपला होता, आणि सबंध प्रवासात प्रथमच त्याचा चेहरा कोणाची माफी मागत नव्हता. तिथल्या स्वयंसेवकाने आम्हाला उठवलं नाही. त्यांना सवय असावी.

बाहेर आलो तर ढग जरा फाटले होते आणि अकराच्या उन्हाने खडक तापायला लागला होता. “हा घ्या तुमचा सूर्य,” मॅनेजर उत्साहाने म्हणाला. पण डोक्यावर आलेल्या सूर्याचा फोटो कोणी काढत नाही. काकूंनी छत्री उघडली.

जेवून बस रामेश्वरच्या वाटेला लागली. मॅनेजरने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. निवास, भोजन, वाहन आणि स्थलदर्शन असे चार रकाने, आणि प्रत्येकापुढे ‘उत्तम’, ‘बरे’, ‘असमाधानकारक’. काकांनी पाचवा रकाना पेनाने आखला, त्यात ‘सूर्य’ असं लिहिलं, आणि पुढे काय लिहावं यावर शेजारच्या पुण्याच्या यजमानांशी चर्चा चालू केली. यजमानांचं मत ‘बरे’ असं पडलं, कारण शेवटी तो आला होता. काकांचं म्हणणं, उशीर धरला पाहिजे.

तेवढ्यात मॅनेजरने माइक हातात घेऊन उद्याचा कार्यक्रम सांगायला सुरुवात केली. रामेश्वरच्या देवळात पहाटे २२ तीर्थांचं स्नान, प्रत्येक विहिरीवर बादलीने पाणी अंगावर ओततात, सगळ्यांनी बदलायचे कपडे सोबत ठेवावेत.

“पाणी गरम असेल ना?” मागून नाशिकच्या वहिनींनी विचारलं.

“बावीसच्या बावीस गरम?” काकू म्हणाल्या.

मॅनेजरने माइक बंद केला, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला आणि ‘पुढे चांगला चहा कुठे मिळतो’ असं हळूच विचारू लागला.